मनगटाचे पत्ते

ताण्याचं एक टोक स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला,
दुसरं माझ्या कमरेच्या पट्ट्याला.
मधला माग म्हणजे मीच.
दारापलीकडून कुमुद विचारते,
चहा हवाय की दार बंद हवंय?

मॉल्टनला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
डरवेंटचं पाणी शेतांत शिरलंय
आणि लोकरीला ओल कळते,
ती हट्टी होते, शेजारच्या धाग्याला धरून बसते.

बावीस पत्ते. प्रत्येकाला चार भोकं, भोकागणिक एक धागा:
दोन तांबडे, एक पिवळा,
एक मेंढीच्या अंगावर होता तसाच.
तांबडा बेरिल थ्वेटच्या परसातल्या मुळांचा.
तिने नाव सांगितलं, ते मी विसरलो,
पण मुळी मोडली, आतला रंग पाहिला, आणि म्हणालो,
अगं, ही तर आमच्या मंजिष्ठेची चुलत बहीण!
बेरिलने ते वहीत लिहून घेतलं, चुकीच्या स्पेलिंगसह.

पाव फेरा. आडवा धागा. पट्टीने ठोक.
पाव फेरा.

पत्ते मी कापले एका जुन्या एक्स-रेतून.
डावं मनगट, माझंच. सत्त्याऐंशीचा जानेवारी,
हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवरचा बर्फ.
फोटोही मीच काढला, उजव्या हाताने,
रातपाळीला दुसरं कोणी नव्हतं.
लोकांना जन्मभर सांगत आलो, हलू नका.
त्या रात्री स्वतःलाच सांगितलं, आणि हललो.

बेरिल म्हणाली, सातव्या शतकात प्लास्टिक नव्हतं.
मी म्हटलं, पण पत्ते हाडाचेही असत ना?
तिने एक पत्ता दिव्यासमोर धरला.
बराच वेळ धरला.
म्हणाली, बरं. चालेल.

जिची ही नक्कल, ती पट्टी उरलीय नखाएवढी,
एका ब्रोचच्या मागे, पिनेच्या गंजात.
लोकर कधीच गेली.
गंजाने तिची वीण तेवढी धरून ठेवली.
मोठ्या केलेल्या फोटोत मला ती वाचता येते,
हाड काय, धागा काय,
जे सरळ जायला हवं आणि जात नाही
तिथे नजर आपोआप थांबते.
काठापासून चौथी ओळ. सगळ्या डावीकडे कलतात,
ही एकटी उजवीकडे.
कुणीतरी चौथा पत्ता उलटा ओवला होता.

बेरिलला ती दुरुस्त करायची होती.
लोक म्हणतील, आपल्यालाच जमलं नाही.
मी म्हटलं, त्या बाईला पुरलं ती पट्टी घालून,
तेव्हा कोणी उसवली नाही.
मग चूक ओवायला बसलो
आणि हात तीनदा बरोबरच ओवून मोकळे झाले.

पत्ते पुढे फिरवत गेलं की पीळ साचतो दाराकडे,
इतका, की धागे एकमेकांना सोडत नाहीत.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे जातो. काही जाळावं लागत नाही.
पत्ते उलटे फिरवायचे,
जितके पुढे गेलो तितकेच मागे.
फक्त जिथून वळलो
तिथे नक्षीतले बाण तोंड फिरवतात
आणि ते झाकता येत नाही.

तेराव्या पत्त्यात ती चीर आहे,
केसाएवढी, मनगटाच्या जरा वर.
पाव फेऱ्याला आडवी,
पुढच्याला उभी,
चौथ्याला पुन्हा होती तिथे.
ओल वाढली की खऱ्या मनगटात ठणकते.
तीन तासांत बोटभर विणून झालंय.

दाराची मूठ हलते.
कुमुद ती हळूच फिरवते आहे, पाव फेरा,
कमरेला ओढ लागते,
आणि फटीतून आत येतो
एक कप, बशीशिवाय,
आणि तो धरणारा हात.